पार्श्वभूमी : बातमी, श्रद्धा आणि महानगरं एकाच वाटेवर कशी आली?

१८५० साली पॅरिसहून ब्रसेल्सपर्यंत तार होती, बर्लिनहून आखेनपर्यंत होती, पण ब्रसेल्स आणि आखेन यांच्यामधला सुमारे १२० किलोमीटरचा पट्टा कोरा होता. पॉल ज्युलियस रॉयटर या जर्मन गृहस्थाने ही फट हेरली आणि कबुतरं पाळली. शेअरबाजाराचे भाव पायाला बांधून ब्रसेल्सहून सोडलेलं कबूतर आगगाडीच्या काही तास आधी आखेनला पोचायचं, आणि तेवढ्या तासांत जे कमवायचं ते व्यापारी कमवून घ्यायचे. मधला पट्टाही तारेने जोडला गेला तेव्हा कबुतरांचं काम संपलं. रॉयटरने लंडन गाठलं. इंग्लिश खाडीखालून डोव्हर ते कॅले अशी तार तेव्हा नुकतीच पडत होती. ऑक्टोबर १८५१ मध्ये त्याने लंडनच्या व्यापारी भागात एक छोटं कार्यालय थाटलं.

त्याची पहिली गिऱ्हाइकं होती पेढीवाले, दलाल आणि व्यापारी. लंडनची वर्तमानपत्रं त्याच्याकडून बातम्या विकत घ्यायला लागली ती १८५८ पासून. आजच्या जागतिक वृत्तव्यवसायाचं मूळ असं बाजारभावात आहे, आणि हे लक्षात ठेवलं की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

जागतिकीकरणाची गोष्ट बहुधा १९९० च्या आसपास सुरू केली जाते. बर्लिनची भिंत पडली, बाजार खुले झाले, इंटरनेट आलं. मग माध्यमांवर काय परिणाम झाला, धर्मावर काय, शहरांवर काय, असे तीन रकाने आखले जातात. ही मांडणी सोयीची आहे, पण फसवी. बातमी, यात्रेकरू आणि माल गेली दीडशे वर्षं त्याच त्या वाटांनी ये-जा करत आले आहेत. वाट कुणाच्या ताब्यात आणि ती कुठल्या गावावरून जाते, यावर कुणाचा आवाज जगभर ऐकू जाणार, कुठला पंथ पसरणार आणि कुठलं बंदर महानगर होणार हे बरंचसं ठरत गेलं.

सुरुवात तारेपासूनच करू. अटलांटिक महासागराखालून पहिली तार १८५८ मध्ये पडली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेला पोचायला सुमारे १६ तास लागले, आणि काही आठवड्यांत ती तार मुकी झाली. टिकाऊ तार १८६६ मध्ये आली. ती 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने टाकली. तारेभोवती लागणारं गटापर्चा म्हणजे मलय प्रदेशातल्या झाडांचा चीक. त्याशिवाय समुद्राच्या पाण्यात तार तग धरत नव्हती. म्हणजे युरोपातली बातमी आशियातल्या जंगलतोडीवर उभी होती. १८७० मध्ये इंग्लंडच्या पोर्थकर्नो किनाऱ्यावरून निघालेली तारमार्गाची साखळी मुंबईपर्यंत पोचली. फरक किती पडला? १८६५ मध्ये लिंकन यांच्या हत्येची बातमी लंडनला पोचायला बारा दिवसांच्या आसपास लागले होते. १८८१ मध्ये अमेरिकेचेच राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते लंडनला एका दिवसाच्या आत कळलं.

वेग सगळ्यांना सारखा मिळाला नाही. १८७० मध्येच रॉयटर, फ्रान्सची आव्हास आणि जर्मनीची वोल्फ या तीन वृत्तसंस्थांनी करार करून जग वाटून घेतलं. ब्रिटिश साम्राज्य आणि अतिपूर्व रॉयटरकडे, फ्रेंच वसाहती आव्हासकडे, मध्य युरोप आणि उत्तरेकडचे देश वोल्फकडे. शेजारशेजारच्या दोन वसाहतींना एकमेकींची खबर लंडन किंवा पॅरिसच्या संपादकाच्या चाळणीतून मिळू लागली. ही वाटणी थोड्याफार फेरफारांनी १९३४ पर्यंत टिकली. तारेची मालकी किती मोलाची हे पहिल्या महायुद्धाने दाखवलं. युद्ध पुकारल्यानंतर काही तासांतच, ५ ऑगस्ट १९१४ च्या पहाटे, एका ब्रिटिश जहाजाने जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा कापल्या. मग जर्मनीला आपले गुप्त संदेश दुसऱ्यांच्या तारांवरून पाठवावे लागले. त्यातलाच एक, मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध चिथावणारा जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन यांचा संदेश, १९१७ मध्ये ब्रिटिशांनी पकडला, उलगडला आणि अमेरिकेच्या हाती दिला.

वसाहती स्वतंत्र झाल्या तरी बातम्यांचा ओघ जुन्याच दिशेने वाहत राहिला. १९७० च्या दशकात नवस्वतंत्र देशांनी युनेस्कोत यावर आवाज उठवला. शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८० मध्ये अहवाल दिला. या वादाच्या पार्श्वभूमीवर अमेरिका १९८४ च्या अखेरीस आणि ब्रिटन त्यानंतर वर्षभराने युनेस्कोतून बाहेर पडले. माझ्या मते तक्रार शंभर टक्के खरी होती. पण ती मांडणाऱ्यांतली निम्मी सरकारं घरच्या वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधून बसली होती, त्यामुळे तिचा जोर ओसरला. कोंडी पुढे काही प्रमाणात तंत्रज्ञानाने आणि पैशाने फोडली. १९९१ च्या आखाती युद्धाने सीएनएनला जगाचा दूरदर्शन संच करून टाकलं. १९९६ मध्ये कतारच्या दोहा शहरातून अल जझीरा सुरू झाली आणि अरबी भाषेतली दूरचित्रवाणीवरची बातमी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर अरब जगातूनच निघू लागली.

धर्माची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला विचाराल तर जास्त रोचक. वाफेच्या बोटींनी आणि १८६९ मध्ये खुल्या झालेल्या सुएझ कालव्याने हजयात्रा पार बदलून टाकली. पूर्वी जिथे जायला-यायला महिनोन्‌महिने जायचे, तिथे आता तिकीट काढून बोटीत बसलं की झालं. गरीब माणूसही निघू लागला. पण बोटीत गर्दी आणि गर्दीत कॉलरा. १८६५ च्या हजमध्ये हजारो यात्रेकरू दगावले आणि परतणाऱ्यांबरोबर साथ इजिप्तमार्गे युरोपात पोचली. लगेच पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचा मुख्य विषय हाच. पारपत्र, परतीचं तिकीट, तांबड्या समुद्रातल्या बेटांवरची विलगीकरण केंद्रं ही सगळी व्यवस्था या भीतीतून उभी राहिली. १९०५ मध्ये सिनाईतल्या एल टोर इथल्या विलगीकरण केंद्रात यात्रेकरूंच्या तपासणीत कॉलऱ्याचा एक वेगळा प्रकार सापडला. तो आजही वैद्यकाच्या पुस्तकांत 'एल टोर' याच नावाने आहे. दरम्यान १८८६ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या यात्रेकरूंच्या वाहतुकीचं काम थॉमस कुक या प्रवासी कंपनीला देऊन पाहिलं होतं. मुस्लिमांची सर्वांत पवित्र यात्रा आणि ती चालवायला इंग्रज पर्यटन कंपनी, हे त्या काळालाही विचित्रच वाटलं असणार.

बोटीने यात्रेकरूंबरोबर विचारही नेले. जावा, कैरो, बुखारा इथून आलेली माणसं मक्केत एकमेकांना भेटायची, छापील पुस्तकं घेऊन परतायची आणि आपापल्या गावातल्या जुन्या रीतींकडे नव्या, बऱ्याचदा कडक नजरेने पाहायची. जग जवळ आलं की धर्म पातळ होतो, असा एक समज विसाव्या शतकाच्या मध्यावर विद्वानांत पक्का होता. समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांनी १९६८ मध्ये असं भाकीत केलं होतं की एकविसाव्या शतकात श्रद्धावान माणसं छोट्या छोट्या पंथांत उरतील. १९९९ मध्ये त्यांनीच ते जाहीरपणे मागे घेतलं.

ख्रिस्ती धर्माचं उदाहरण घ्या. १९१० मध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधी जवळजवळ सगळे युरोप-अमेरिकेतले होते, कारण जगातले दोनतृतीयांश ख्रिस्ती युरोपातच राहत होते. शंभर वर्षांनी हे प्रमाण पाव भागावर आलं. बहुसंख्य ख्रिस्ती आता आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियात आहेत. पण हा पसारा परिषदेतल्या मंडळींच्या आराखड्याप्रमाणे झाला नाही. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझूझा स्ट्रीटवर, विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या प्रार्थनासभांना काळे-गोरे, स्थलांतरित, मोलमजुरी करणारे एकत्र यायचे. तिथून निघालेली, पवित्र आत्म्याच्या साक्षात अनुभवावर भर देणारी पेंटेकोस्टल चळवळ काही वर्षांतच अनेक खंडांत पोचली. तिला ना मोठी संस्था लागायची ना पदवीधर पाद्री. दक्षिण कोरियात सोलच्या बाहेर १९५८ मध्ये काही मोजक्या माणसांनी सुरू केलेली अशीच एक मंडळी पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक झाली. सोल फुगत गेलं तसं ते चर्चही फुगलं. गावं सोडून शहरात आलेल्या माणसांना तिथे ओळखदेख मिळत होती.

माध्यमाचा धर्माला झालेला सर्वांत नाट्यमय उपयोग मात्र एका स्वस्त वस्तूने घडवला. १९७८ च्या शरद ऋतूत अयातुल्ला खोमेनी पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो या खेड्यात राहायला आले. इराणमध्ये रेडिओ आणि दूरचित्रवाणी शहाच्या मुठीत होती. खोमेनींची भाषणं टेलिफोनवरून तेहरानला जायची, तिथे कॅसेटवर उतरवली जायची, एकीच्या दहा व्हायच्या आणि मशिदीमशिदींतून फिरायच्या. एका युरोपीय खेड्यातून, परदेशी पत्रकारांच्या गराड्यात, पाश्चिमात्य जीवनशैलीच्या विरोधातली क्रांती चालवली जात होती. याला जागतिकीकरणाला झालेला विरोध म्हणायचं की त्याचंच एक अपत्य, हे अजूनही नीट ठरलेलं नाही.

या सगळ्याची गाठ शहरात पडते. लंडनच्या ब्रिक लेनवर कोपऱ्यावरच विटांची एक इमारत आहे. फ्रान्समधल्या छळातून पळून आलेल्या ह्यूगनो प्रोटेस्टंटांनी १७४३ मध्ये ती प्रार्थनागृह म्हणून बांधली. त्यांच्यातले बरेच रेशीम विणणारे होते. पुढे ती मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाकडे गेली. १८९८ मध्ये रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यूंनी तिचं सिनेगॉग केलं. ते सुस्थितीत आल्यावर दुसऱ्या वस्त्यांत राहायला गेले आणि १९७६ मध्ये तिथे मशीद सुरू झाली. नमाजाला येणारे बहुतेक बांगलादेशी, त्यातही सिल्हटचे. सिल्हटचेच का? तर ब्रिटिश जहाजांच्या भट्ट्यांवर कोळसा ओढायला सिल्हटी खलाशी असायचे. त्यातले काही लंडनच्या गोदीत उतरून तिथेच राहिले, आणि पुढच्यांनी त्यांचाच माग धरला. भिंतीवरचं १७४३ चं सूर्यघड्याळ कुणीच काढलं नाही. अलीकडे शेजारी पोलादी मनोरा उभा राहिला.

ज्या गोदीत हे खलाशी उतरायचे, ती मात्र एका लोखंडी पेटीने संपवली. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेच्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. एरवी माल चढवायला टनामागे सुमारे ५.८ डॉलर पडायचे. कंटेनरने ते सोळा सेंटच्या आसपास आलं. पण कंटेनरला खोल पाणी आणि मोकळी जागा लागते. शहराच्या पोटात शिरलेल्या जुन्या गोद्या निरुपयोगी झाल्या. लंडनच्या गोद्या १९६७ ते १९८१ या काळात एकामागून एक बंद पडल्या आणि हजारो हमाल बेकार झाले. धंदा फेलिक्सस्टो आणि रॉटरडॅमला गेला.

रिकाम्या गोदीत मग दुसरा माल आला. १९७३ मध्ये चलनांचे दर मोकळे झाले, म्हणजे बाजारात ठरू लागले, आणि रॉयटरने त्याच वर्षी पेढ्यांच्या टेबलांवर ताजे दर दाखवणारे पडदे बसवायला सुरुवात केली. जुना कबुतरांचाच धंदा, फक्त जगभर आणि क्षणोक्षणी. कंपनीची खरी कमाई त्यातून होऊ लागली. ऑक्टोबर १९८६ मध्ये लंडनचा शेअरबाजार परदेशी कंपन्यांना खुला झाला आणि त्यांना मोठमोठ्या कचेऱ्या हव्या झाल्या. त्याच वर्षी जानेवारीत रूपर्ट मर्डॉक यांनी आपली वर्तमानपत्रं फ्लीट स्ट्रीट या वर्तमानपत्रांच्या जुन्या पेठेतून उचलून वॉपिंगच्या जुन्या गोदीत हलवली आणि संपावर गेलेल्या साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांना काढून टाकलं. शेजारच्या वेस्ट इंडिया गोदीवर कॅनरी वॉर्फचे मनोरे उठले. २००५ मध्ये खुद्द रॉयटरही फ्लीट स्ट्रीट सोडून तिथेच गेली. वसाहतींची साखर आणि रम जिथे उतरायची तिथे आता चलनाचे दर उतरतात, आणि रात्री त्या मनोऱ्यांची झाडलोट करणारे बरेचसे जुन्या वसाहतींतूनच आलेले असतात. २०२१ च्या जनगणनेत लंडनकरांपैकी सुमारे ४१ टक्के लोक ब्रिटनबाहेर जन्मलेले निघाले.

हाच प्रकार इतरत्रही दिसतो. मक्केत काबाच्या अगदी लगत ६०१ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा आहे, त्यात हॉटेलं आणि बाजार आहेत. ते संकुल उभारण्यासाठी २००२ मध्ये ऑटोमन (तुर्की साम्राज्याच्या) काळातला अजयाद किल्ला पाडला गेला. तुर्कस्तानने निषेध केला, काम थांबलं नाही. जेट विमानांनी यात्रेकरूंची संख्या २०१२ मध्ये ३१ लाखांवर नेली होती आणि त्यांना राहायला जागा हवी होती.

खंडाखंडांतली जवळजवळ सगळी माहिती आजही समुद्राखालच्या तारांतूनच जाते. तारा काचेच्या झाल्या, वाटा बहुतेक जुन्याच. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या आणि इजिप्तपासून भारतापर्यंत इंटरनेट रखडलं. तारांच्या मालकीत मात्र बदल होतोय. पूर्वी सरकारं आणि तार कंपन्या होत्या, आता गूगल आणि मेटा स्वतःच्या तारा टाकतात. तारेच्या टोकाला शहर असतं, आणि शहराला त्याची किंमत मोजावी लागते. सिंगापूरने २०१९ पासून काही वर्षं नव्या डेटा सेंटरना परवानगी देणं थांबवलं होतं, कारण वीज आणि जमीन पुरेना. पश्चिम लंडनमध्ये अटलांटिककडे जाणाऱ्या तारांच्या मार्गालगत डेटा सेंटरांची दाटी झाली आहे. तिथल्या तीन बरोंमध्ये (महापालिका विभागांमध्ये) घरं बांधू पाहणाऱ्यांना २०२२ मध्ये कळवण्यात आलं की विजेच्या जाळ्यात जागा उरलेली नाही. मोठ्या प्रकल्पांना जोडणीसाठी २०३५ पर्यंत थांबावं लागू शकतं, असंही तेव्हा सांगितलं गेलं.