फिलिपिनो माणूस आळशी आहे का, हे कोण विचारतंय?

एकोणिसाव्या शतकात, फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य असताना, मनिलात राहणारा स्पॅनिश माणूस इथल्या लोकांबद्दल एक गोष्ट हमखास सांगायचा. हे लोक आळशी आहेत. शेत पिकलं नाही, कर थकला, व्यापार वाढला नाही, सगळ्याचं कारण एकच. १८९०च्या जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत होसे रिझाल या २९ वर्षांच्या फिलिपिनो नेत्रवैद्याने माद्रिदच्या 'ला सोलिदारिदाद' या पाक्षिकात पाच हप्त्यांचा लेख लिहून या आरोपाची चिरफाड केली. फिलिपिनो लोकांनी स्वतःच्या नजरेने केलेल्या समाजाभ्यासाची गोष्ट बरेच जण १९७०च्या दशकापासून सांगतात. मला ती इथून सांगायला आवडते, कारण पुढची सगळी भांडणं बीजरूपाने या लेखात आहेत.

रिझालने 'आमचे लोक आळशी नाहीत' असं म्हटलं नाही. आळस आहे, हे त्याने मान्य केलं. फक्त तो दुखण्याचं कारण नसून लक्षण आहे, असा त्याचा मुद्दा होता. उष्ण हवेत माणसाला विश्रांती जास्त लागते, हे तर झालंच. पण त्याच हवेत राहणारा युरोपीय काय करतो? पायी म्हणून चालत नाही, गाडीतून फिरतो आणि बूट काढायलाच काय, वारा घालायलाही नोकर ठेवतो! मग रिझाल इतिहासाकडे वळतो. स्पॅनिश लोक येण्याआधी ही बेटं चीनशी आणि आसपासच्या मुलखांशी व्यापार करत होती, हे जुने चिनी आणि खुद्द स्पॅनिश लेखकच सांगतात. मग तीनशे वर्षांत काय घडलं? गलबतं बांधण्यासाठी वेठबिगार, परक्यांच्या लढायांवर पाठवलेली माणसं, चाच्यांचे हल्ले आणि त्यात लोकांची काढून घेतलेली हत्यारं, शेजाऱ्यांशी तुटलेला व्यापार, स्वतःच व्यापारात उतरून स्पर्धाच संपवणारे प्रांताधिकारी. वर शाळेत आणि चर्चमध्ये रोज कानावर पडणारं, की तू मुळातच कमी प्रतीचा आहेस. कष्ट केले तरी फळ दुसऱ्याच्या घरात जाणार असेल, तर कष्ट कोण करेल? स्वभाव म्हणून सांगितली जाणारी गोष्ट परिस्थितीतून उलगडून दाखवणं म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ आहे, आणि तोही समाजशास्त्र हा विषय विद्यापीठांत नीट रुजायच्या आधीचा.

त्याच वर्षी त्याची आणखी एक खटपट छापून आली. अंतोनिओ दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याने १६०९ साली फिलिपिन्सचा वृत्तान्त प्रसिद्ध केला होता. रिझालने तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून हाताने उतरवून घेतला आणि टिपा देऊन पॅरिसमध्ये छापला. मोर्गा एके ठिकाणी लिहितो, की इथल्या लोकांना मासा सडून वास मारू लागला की जास्त आवडतो. रिझालची टीप अशी, की ज्या अन्नाची सवय नाही त्याची किळस प्रत्येकच देशाला येते. हा सडका मासा नव्हे, बागोओंग आहे, आणि ज्यांनी तो खाल्लाय त्यांना माहीत आहे की तो सडलेला नसतो, नसावाही. बागोओंग म्हणजे मीठ लावून मुरवलेली मासळी किंवा कोळंबी. सुकटीच्या वासाला नाक मुरडणारा पाहुणा कोकणाने पाहिलाय, तेव्हा या टिपेतला राग आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

पण या पुस्तकावर टीका घरातूनही झाली. इलोकोस प्रांतातल्या विगानचा इसाबेलो दे लोस रेयेस म्हणाला, की रिझालचं देशप्रेम कौतुकास्पद आहे, पण ते अधूनमधून त्याची नजर झाकतं. स्पॅनिशपूर्व समाज तो जरा जास्तच उजळ रंगवतो. हा इसाबेलोही साधा गडी नव्हता. १८८९ साली त्याचं 'एल फोल्क-लोरे फिलिपिनो' आलं होतं. इलोकानो लोकांच्या समजुती, विधी, गाणी त्याने त्यांच्यातलाच एक होऊन गोळा केल्या. मनिलातले शिकलेसवरलेले लोक ज्या डोंगरी जमातींपासून अंग चोरत, त्या आएता आणि इगोरोतांचा भाऊ म्हणून त्याने स्वतःची ओळख करून दिली. म्हणजे १८९० सालीच दोन वाटा दिसत होत्या. परक्याने केलेली बदनामी खोडून काढायची, की आपल्या लोकांना जसे आहेत तसे समजून घ्यायचं? दोन्ही एकदम करता येतात असं वाटतं, पण एक करताना दुसऱ्याला धक्का लागतोच.

१८९६च्या डिसेंबरात स्पॅनिश सरकारने रिझालला गोळ्या घातल्या. दोनच वर्षांत स्पेन गेला, अमेरिका आली, आणि अमेरिकेबरोबर इंग्रजी शाळा, १९०८ साली फिलिपिन्स विद्यापीठ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकं. मानसशास्त्रही त्याच पेटीतून उतरलं.

आता एकदम १९६०च्या आसपास येऊ. फ्रँक लिंच या अमेरिकन जेझुइट मानवशास्त्रज्ञाने मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठात फिलिपिनी संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था उभी केली. कामसू आणि फिलिपिन्सवर मनापासून प्रेम करणारा माणूस. त्याचा निष्कर्ष असा होता, की फिलिपिनो माणसाला सर्वांत जास्त जपायचे असतात ते सुरळीत, न खटकणारे संबंध. त्यासाठी तो 'पाकिकिसामा' पाळतो, म्हणजे चारचौघांशी जुळवून घेतो; 'हिया', म्हणजे लाजेला भितो; आणि उपकाराचं ओझं जन्मभर वाहतो. ही यादी पाठ्यपुस्तकांत गेली, व्यवस्थापनाच्या वर्गांत गेली, आणि थोड्याच वर्षांत फिलिपिनो लोक स्वतःबद्दलही तसंच बोलू लागले. आळशी हा शब्द गेला, त्याच्या जागी मऊ शब्द आले. भिडस्त, तोंडदेखला, नशिबावर सोडणारा.

या यादीला उत्तर दिलं मानसशास्त्रज्ञ विर्हिलियो एन्रिकेझ यांनी. ते बुलाकान प्रांतातले, जन्म १९४२चा. १९६३पासून फिलिपिन्स विद्यापीठात शिकवायचे, आणि इंग्रजीचा दबदबा असताना वर्गात फिलिपिनो भाषा वापरायचे. पुढे अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जाऊन त्यांनी सामाजिक मानसशास्त्रात डॉक्टरेट केली आणि १९७१ साली परतले. तेव्हा मनिलाचे रस्ते विद्यार्थी आंदोलनांनी पेटलेले होते आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा लावला. १९७५ साली एन्रिकेझ यांनी 'सिकोलोहियांग पिलिपिनो', म्हणजे फिलिपिनी मानसशास्त्राची राष्ट्रीय संघटना स्थापन केली.

त्यांनी लिंच यांच्या यादीवर जो घाव घातला तो मला फार आवडतो, कारण त्यात आवेश कमी आणि निरीक्षण जास्त आहे. फिलिपिनो माणूस समोरच्याशी कसा वागतो याच्या त्यांनी आठ पायऱ्या मांडल्या, आणि या पायऱ्या लोकांच्या रोजच्या बोलण्यातल्याच होत्या. पहिल्या पाच परक्यांसाठी, 'इबांग ताओ'साठी. सुरुवात शिष्टाचाराने होते, मग मिसळणं, भाग घेणं, समोरच्याप्रमाणे वागणं, आणि पाचवी पायरी जुळवून घेण्याची. उरलेल्या तीन 'हिंदी इबांग ताओ'साठी, म्हणजे जो परका नाही त्याच्यासाठी (हे 'हिंदी' म्हणजे त्यांच्या भाषेतलं 'नाही'). तिथे मन मोकळं करणं येतं, दुसऱ्याच्या भानगडीत स्वतःला गुंतवणं येतं आणि शेवटी एकरूप होणं. आता 'पाकिकिसामा' कुठे बसतो पाहा. पाचव्या पायरीवर, परक्यांच्या रांगेत. ज्याला फिलिपिनो संस्कृतीचा गाभा म्हटलं गेलं, तो बाहेरच्या माणसाशी वागण्याचा शेवटचा टप्पा निघाला. दारात उभ्या असलेल्या संशोधकाला दारातलंच वागणं दिसलं, आणि त्याने तेच घरभर आहे असं लिहून टाकलं.

या सगळ्या पायऱ्यांच्या तळाशी एन्रिकेझ यांनी 'काप्वा' ही कल्पना ठेवली. समोरचा माणूस हा 'दुसरा' नसून तो आणि मी मिळून जे काही आहे, त्याला काप्वा म्हणायचं. हिया किंवा जुळवून घेणं हे गुण सुटे उचलले तर दुबळेपणा वाटतात. काप्वाच्या संदर्भात ठेवले की त्यांचा अर्थ फिरतो. हिया म्हणजे निव्वळ लाज नाही, समोरच्याचा मान राखून कसं वागायचं याची समज आहे.

असाच एक शब्द 'बाहाला ना'. आपण 'होईल ते होईल' म्हणतो, तसा. १९६८ साली लिन बोस्ट्रम यांनी तो अमेरिकन दैववादाच्या शेजारी ठेवून तपासला होता. आल्फ्रेदो लागमाय यांनी १९७७ साली वेगळी वाट धरली. लागमाय हार्वर्डमध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या हाताखाली तयार झालेले, म्हणजे प्रयोगाच्या शिस्तीतले. लोक हा शब्द नक्की कधी उच्चारतात, हे त्यांनी पाहिलं. हातपाय गाळून बसल्यावर नव्हे, तर पुढे काय होईल हे माहीत नसताना पाऊल टाकताना. स्वतःला दिलेला धीर तो. नशिबावर हवाला ठेवणारा माणूस घरी बसतो. बाहाला ना म्हणणारा निघालेला असतो.

लागमाय यांना जे दिसलं ते आधीच्यांना का दिसलं नाही, हा प्रश्न पद्धतीचा आहे, आणि या चळवळीचं खरं देणं मला इथे वाटतं. कार्मेन सांतियागो आणि एन्रिकेझ यांनी १९७६ साली फिलिपिनी संशोधनपद्धतीची मांडणी केली. समजा, शहरातून आलेली एक तरुणी हातात प्रश्नावली घेऊन खेड्यातल्या घरात शिरते. बाई तिला बसायला देतात, खाऊपिऊ घालतात आणि प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतात. पाहुणीला नाराज कशाला करायचं? तिच्या कागदावर साठ 'हो' जमतात आणि त्यातून टक्केवारी निघते. ती टक्केवारी मोजते काय? पाहुण्याशी बोलण्याची रीत. विषयावरचं मत त्यात असलं तर असलं.

म्हणून या मंडळींनी प्रश्नावलीच्या जागी लोकांच्याच रीती उचलल्या. 'पागतातानोंग-तानोंग' म्हणजे सहज विचारपूस. इथे समोरचाही विचारू शकतो, आणि विचारतोच. तुम्ही कुठल्या, लग्न झालं का, हे सगळं लिहून काय करणार? संशोधकाने उत्तर द्यायचं, कारण प्रश्नांचा हक्क एकट्याचा नाही. तोच प्रश्न पुन्हा, वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाला विचारायचा आणि उत्तर टिकतं का ते पाहायचं. 'पाकापा-कापा' म्हणजे चाचपडत जाणं. गृहीतक आधी पक्कं न करता शिरायचं आणि विषयालाच वाट दाखवू द्यायची. काही जण गावात राहायला गेले. नियम असा, की नातं निदान 'परका नाही' इथवर पोचल्याशिवाय माहितीवर विश्वास ठेवायचा नाही. आणि माहितीपेक्षा माणसाचं हित मोठं. त्याला नको असेल तर वही मिटायची. रोहेलिया पे-पुआ यांनी ही विचारपूस १९८९ साली इंग्रजीत नीट मांडली आणि इतर बहुसांस्कृतिक समाजांतही ती वापरता येते असं सांगितलं. वेळखाऊ आहे, हा आक्षेप खरा आहे.

फिलिपिन्स विद्यापीठाच्याच इतिहास विभागात झेउस सालासार यांनी हाच प्रश्न आणखी टोकाला नेला. त्यांना समजून घ्यायला मराठी माणसाला इंग्रजी वाचकापेक्षा कमी कष्ट पडतात, कारण आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. फिलिपिनोतही तसंच, 'कामी' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, 'तायो' म्हणजे त्याला धरून आपण. सालासार म्हणतात, रिझालची पिढी कायम 'कामी'तून बोलली. स्पॅनिश भाषेत, स्पॅनिश वाचकाला सांगत राहिली, की आम्ही तुम्ही म्हणता तसे नाही. बचाव कितीही तेजस्वी असला तरी न्यायाधीशाच्या खुर्चीत परकाच बसलेला राहतो. म्हणून 'पान्तायोंग पानानाव', 'आपण'च्या बाजूने पाहणं: आपल्या लोकांनी, आपल्या भाषेत, आपल्या लोकांसाठी घातलेला वाद. तिथे कोणी आरोपी नाही, त्यामुळे स्वतःचे दोषही मोकळेपणाने बोलता येतात. रिझालवर थोडा अन्याय होतो खरा. १८९० साली त्याच्यापुढे दुसरा कुठला वाचक होता?

पण 'आपण' म्हणजे कोण, हा प्रश्न सालासार यांनाही सुटला नाही. फिलिपिन्समध्ये शंभराहून अधिक भाषा आहेत, आणि 'तायो' हा शब्द तागालोग भाषेतला, मनिलाच्या परिसराचा. सेबू बेटावरचा माणूस 'किता' म्हणतो. दक्षिणेतल्या मुस्लिम समाजांना या 'आपण'मध्ये कितपत जागा आहे, हे कोणी त्यांना विचारून ठरवलेलं नाही. शिवाय काळ मार्कोस यांचा. हुकूमशहालाही देशी अभिमान हवाच होता. 'तादहाना' ही त्यांच्या नावावर निघालेली इतिहासमाला विद्यापीठातल्या इतिहासकारांनी लिहिली, आणि त्यांत सालासारही होते. आपल्या संस्कृतीचं कौतुक करणारं शास्त्र सत्तेला सोयीचं पडतं, ही गोष्ट फिलिपिन्सपुरती नाही.

एन्रिकेझ १९९४ साली, वयाच्या ५१व्या वर्षी गेले. त्यांच्या पश्चात झालेली सर्वांत कठोर तपासणी २००२ सालची. मार्सिया कातिग्बाक, टिमोथी चर्च आणि त्यांच्या फिलिपिनो सहकाऱ्यांनी देशी बनावटीच्या तीन व्यक्तिमत्त्व चाचण्या घेतल्या आणि त्या, माणसाचा स्वभाव पाच मूळ गुणांत मोजणाऱ्या पाश्चात्त्य 'पाच घटकां'च्या प्रारूपाशेजारी ठेवल्या. या सहकाऱ्यांमध्ये देशी चाचण्या ज्यांनी बनवल्या ते स्वतः होते, हे मुद्दाम सांगायला हवं. निकाल असा, की देशी गुणांपैकी बहुतेक त्या पाचांत बऱ्यापैकी मावतात. थोडे नीट मावत नाहीत, पण तेही फक्त फिलिपिनो माणसातच सापडतात असं नाही. तिथे त्यांना महत्त्व जास्त आहे आणि त्यांची घडण थोडी निराळी आहे. धूम्रपान, मद्यपान, जुगार, प्रार्थना अशा वागण्याचा अंदाज बांधताना देशी चाचण्यांनी थोडी भर घातली, पण पाश्चात्त्य चाचण्यांना मागे टाकलं नाही. इसाबेलोला हा निकाल बहुधा पटला असता.

चळवळीतल्या माणसाकडे यावरही उत्तर आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. ही तपासणी झाली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर, छापील प्रश्नावली देऊन. म्हणजे आठांपैकी पहिल्या एकदोन पायऱ्यांवरच.