एकाच डब्यात दोन ‘लेजंड’ : डिस्क नेण्याआधी एवढं वाचा

नमस्कार.

औशाचे एक निवृत्त शिक्षक आमचे फार जुने ग्राहक. केबलवर कधीतरी रात्री पाहिलेला ‘लेजंड’ हा इंग्रजी सिनेमा त्यांच्या मनात घर करून होता. त्यांच्यासाठी आम्ही डीव्हीडी मागवली. दोन दिवसांनी ते डबा घेऊन परत आले. म्हणाले, “नाव तेच, माणसं तीच, पण हा तो सिनेमा नव्हं. गाणंबजावणं सगळं निराळं आहे.” त्यांचं बरोबर होतं. डब्यात दोन डिस्क होत्या. त्यांनी पहिली लावली आणि दुसरी ‘बोनस’ समजून बाजूला ठेवली. त्यांना हवा असलेला सिनेमा त्या दुसऱ्या डिस्कवर होता. हे आम्ही विकतानाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ती चूक आमची. त्यानंतर हे पत्रक लिहायला घेतलं.

लातूर, उदगीर, निलंगा, अहमदपूर भागातून या सिनेमाची विचारणा अधूनमधून होतच असते. आता प्रत्येक डब्यासोबत हे पत्रक जाईल.

सिनेमा कोणता, आणि त्याच्या इतक्या आवृत्त्या का

रिडली स्कॉट यांनी ‘एलियन’ आणि ‘ब्लेड रनर’नंतर केलेला हा अद्भुतकथेचा सिनेमा. १९८५ साली ब्रिटनमध्ये आणि १९८६ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. जंगलात राहणारा जॅक म्हणजे कोवळ्या वयातला टॉम क्रूझ, राजकन्या लिली म्हणजे मिया सारा, आणि उजेडाचा वैरी असलेला अंधाराचा राजा म्हणजे टिम करी. जगातले शेवटचे दोन एकशिंगी घोडे जिवंत आहेत तोवर सूर्य उगवणार. लिली मोहापायी त्यातल्या एकाला हात लावते आणि तिथून घात होतो. शिंग कापलं जातं, भर वसंतात बर्फ पडायला लागतो. गोष्ट एवढीच आहे. आजीनं उन्हाळ्यात गच्चीवर सांगावी तितकी साधी, आणि साधी आहे म्हणूनच ती लहान मुलांना अजून धरून ठेवते.

सिनेमा आधी बराच लांब होता. स्कॉट यांनी तो ११३ मिनिटांवर आणला. मग चाचणीच्या खेळांतला प्रतिसाद पाहून कात्री चालत राहिली. युरोपात सुमारे ९४ मिनिटांचा दाखवला, अमेरिकेत अवघ्या ८९ मिनिटांचा. त्याहून मोठा बदल संगीताचा. जेरी गोल्डस्मिथ यांनी मोठा वाद्यवृंद आणि गायकवृंद घेऊन संगीत केलं होतं. युरोपच्या प्रतीत ते राहिलं. अमेरिकेच्या प्रतीतून ते काढून टाकलं आणि तिथे ‘टँजरीन ड्रीम’ या जर्मन मंडळींचं सिंथेसायझरचं संगीत आलं. गोंधळातून संबळ काढून तिथे कीबोर्ड ठेवला तर आख्यान तेच राहील, पण अंगावर येणारा काटा तोच राहील का? इथे नेमकं तसं घडलं आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही काटे खरे आहेत.

खर्च सुमारे २.५ कोटी डॉलर झाला होता आणि अमेरिकेतली कमाई त्याच्या आसपासही गेली नाही. सिनेमा पडला. पण कॅसेटवर, टीव्हीवर पाहणाऱ्यांनी तो सोडला नाही. ११३ मिनिटांची प्रत हरवली असंच सगळे धरून चालले होते. २००० साली तिची एक प्रिंट सापडली आणि २००२ साली युनिव्हर्सल या अमेरिकन सिनेकंपनीनं ‘अल्टिमेट एडिशन’ नावाची दोन डिस्कांची डीव्हीडी काढली. औशाच्या सरांनी नेला तो डबा हाच.

कोणत्या डिस्कवर काय

पहिली डिस्क : दिग्दर्शकाची आवृत्ती, ११३ मिनिटं, गोल्डस्मिथ यांचं संगीत. इथे लिली गाते, कथा निवांत चालते, आणि अंधाराचा राजा बराच वेळ पूर्ण दिसतच नाही. आधी त्याचा नुसता आवाज. मग तो आरशातून बाहेर पाऊल टाकतो आणि पाहणारा दचकतो. अमेरिकन आवृत्तीत तो सुरुवातीलाच समोर येतो, त्यामुळे हा क्षण तिथे निम्मा होऊन जातो. दोन्हींचा शेवटही निराळा आहे. तो इथे सांगणार नाही.

दुसरी डिस्क : अमेरिकन आवृत्ती, ८९ मिनिटं, ‘टँजरीन ड्रीम’चं संगीत, आणि बहुतेक जादा साहित्य. केबलवर पाहिलेला, सुरुवातीलाच सिंथेसायझर वाजणारा सिनेमा तुमच्या आठवणीत असेल तर आधी ही लावा.

पहिल्यांदाच पाहणार असाल तर आमचा सल्ला पहिल्या डिस्कचा. घरात आठ-नऊ वर्षांचं मूल शेजारी बसणार असेल तर छोटी आवृत्ती बरी. ती आटोपशीर आहे. मात्र राजाचं लाल शरीर आणि काळी शिंगं दोन्हीकडे आहेत, मुलाला आधी कल्पना द्या.

दिग्दर्शकाच्या आवृत्तीचं चित्र थोडं मऊ आणि गडद दिसतं. टीव्ही बिघडलेला नाही, डिस्कही खराब नाही. ती सापडलेल्या एका प्रिंटवरून केलेली आहे, मूळ निगेटिव्हवरून नाही. म्हणून ब्राइटनेस वाढवत बसू नका, खोलीतला दिवा घालवा.

जादा साहित्य, म्हणजे डबा घेण्याचं खरं कारण

नुसता सिनेमा कुठेही, कसाही पाहायला मिळेल. पण डिस्क विकत घेण्यात अर्थ आहे तो या भागासाठी, आणि इथे आम्ही थोडं सविस्तर लिहिणार आहोत.

सिनेमा कसा घडला यावर सुमारे ५० मिनिटांचा माहितीपट आहे. तो सिनेमा पाहून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी पाहा. सिनेमातलं जंगल खरं नाही, हे त्यात कळतं. लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत, बाँडपटासाठी बांधलेल्या प्रचंड मोठ्या ‘००७ स्टेज’वर अख्खं जंगल उभं केलं होतं. सुमारे ६० फूट उंचीची झाडं, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर पॉलिस्टायरिन कोरून केलेली. पॉलिस्टायरिन म्हणजे आपल्याकडे गणपतीच्या मखराला वापरायचे तो थर्माकोल. त्याच्यावर खऱ्या झाडाच्या सालीचा भास होईल असं काम ज्यांनी केलं, त्यांच्या हाताला सलाम.

२७ जून १९८४ रोजी जेवणाच्या सुट्टीत त्या स्टेजला आग लागली आणि सगळं जंगल, स्टेजसकट, जळून गेलं. माणसं जेवायला बाहेर होती म्हणून वाचली. चित्रीकरण संपायला थोडेच दिवस राहिले होते. उरलेलं काम इतर ठिकाणी सेट लावून पुरं केलं. हे माहीत झाल्यावर सिनेमा पुन्हा लावा. जंगलाकडे पाहायची नजर बदलते.

दुसरी गोष्ट रंगभूषेची. टिम करी यांना अंधाराचा राजा करायला पाच तासांहून जास्त वेळ लागे. काम रॉब बॉटिन यांचं. रंगभूषेच्या ऑस्करसाठी या सिनेमाला नामांकन मिळालं होतं. पारितोषिक त्या वर्षी ‘द फ्लाय’ला गेलं. संगणकावर काढलेलं इथे काहीच नाही. शिंगं खरी डोक्यावर बसवलेली, चेहरा खरा रंगवलेला, घोडेही खरे पांढरे, कपाळाला शिंग लावलेले. माळेगावच्या जत्रेत घोडा पारखणाऱ्या आमच्या ग्राहकांनी घोड्यांची चाल पाहूनच सांगितलं की हे जनावर शिकवलेलं आहे.

स्कॉट यांची कॉमेंट्री पहिल्या डिस्कवर आहे. पुष्कळ जणांना हा प्रकार माहीत नसतो. रिमोटवर ‘ऑडिओ’ असं बटण असतं, ते दाबलं की संवादांच्या जागी दिग्दर्शक बोलू लागतो : हा प्रसंग कसा घेतला, उजेड कुठून टाकला, काय कापावं लागलं. चुकून हे बटण दाबलं गेलं तर सिनेमात कोणीतरी सारखं बोलतंय असं वाटतं. फोन करण्याआधी तेच बटण पुन्हा दाबून बघा. कॉमेंट्री इंग्रजीत आहे. सबटायटल सुरू ठेवल्यास मूळ संवाद खाली वाचता येतात, म्हणजे दोन्ही धागे हातात राहतात.

दुसऱ्या डिस्कवर ‘टँजरीन ड्रीम’चं संगीत संवाद काढून स्वतंत्रपणे ऐकता येतं. ज्यांना संगीताचा कान आहे त्यांनी एक प्रयोग जरूर करावा. एकच प्रसंग आधी पहिल्या डिस्कवर गोल्डस्मिथ यांच्या संगीतासह पाहा, लगेच दुसऱ्या डिस्कवर पाहा. पार्श्वसंगीत काय करतं हे समजायला याहून चांगला पाठ नाही. लातूरच्या एका संगीत शिक्षिकेनं आपल्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग करून दाखवला, आणि ते ऐकून आम्हाला फार समाधान वाटलं.

हरवलेले दोन प्रसंग आहेत. एक म्हणजे चार गॉब्लिनांची (परीकथेतल्या कुरूप, दुष्ट बुटक्यांची) वेगळी सुरुवात. तिचं चित्र जुन्या व्हिडिओ टेपवरचं आहे, धूसर दिसेल. दुसरा पऱ्यांच्या नाचाचा. त्याचं चित्रीकरण उरलेलंच नाही. म्हणून उरलेला आवाज, स्थिरचित्रं आणि आधी काढलेली रेखाटनं जोडून तो पुन्हा उभा केला आहे. ‘इथे नुसते फोटोच दिसतात’ अशी तक्रार यावर दोनदा आली. दोष नाही, उरलं तेवढं प्रेमानं जपलेलं आहे.

बाकी स्टोरीबोर्ड (प्रसंगांची आधी काढलेली रेखाटनं), छायाचित्रं, जाहिराती, ब्रायन फेरी यांच्या गाण्याचा व्हिडिओ. सवडीनं पाहा.

नंतरच्या आवृत्त्या

२०११ साली युनिव्हर्सलची ब्लू-रे आली, दोन्ही आवृत्त्यांसह. २०२१ साली ॲरो व्हिडिओनं दोन डिस्कांचा मर्यादित प्रतींचा संच काढला, त्यात अमेरिकन आवृत्तीसाठी नव्यानं केलेलं स्कॅन आहे. डीव्हीडीवर चित्राच्या आडव्या रेषा ४८० किंवा ५७६, ब्लू-रेवर १०८०. ४० इंचांच्या पुढच्या टीव्हीवर फरक सरळ दिसतो. पण ब्लू-रे प्लेअर नसेल तर केवळ या एका सिनेमासाठी घेऊ नका, डीव्हीडी चांगली आहे.

आपल्या प्लेअरवर चालेल का

सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून जपून वाचा. डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणारा आकडा म्हणजे रीजन. डीव्हीडीसाठी भारताचा रीजन ५ आहे, अमेरिकेचा १. ‘अल्टिमेट एडिशन’ ही रीजन १ ची, एनटीएससी (अमेरिकेतल्या टीव्हीच्या) पद्धतीची डिस्क. आपल्याकडचे बरेच प्लेअर सगळे रीजन चालवतात, काही चालवत नाहीत. ब्लू-रेला आकडे नसून अक्षरं असतात : अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. ब्लू-रे प्लेअर याबाबत जास्त हट्टी असतात. डब्याच्या पाठीमागे पृथ्वीगोलाचं छोटं चिन्ह असतं, ते वाचूनच आम्ही मागणी नोंदवतो. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर लावणार असाल तर सांभाळा : रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यानंतर तो कायमचा अडकतो.

युरोपातल्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीच्या डीव्हीडीवर कोणताही सिनेमा थोडा लवकर संपतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, पाल २५ ची. म्हणून ११३ मिनिटांचा सिनेमा तिथे साधारण १०८ मिनिटांत संपेल. काही कापलेलं नसतं.

वर-खाली काळे पट्टे दिसतील. सिनेमा रुंद पडद्यासाठी घेतलेला आहे. झूम करून पट्टे घालवले तर दोन्ही बाजूंचं जंगल तुम्ही स्वतःच्या हातानं तोडता. तसंच डीव्हीडी मध्यावर क्षणभर थबकली तर घाबरू नका, लेझर एका थरावरून दुसऱ्या थरावर जात असतो.

उन्हाळा, धूळ आणि टूथपेस्ट

एप्रिल-मे महिन्यांत डिस्क गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, ती वाकते आणि वाकलेली डिस्क सरळ होत नाही. पुसायची तर मऊ सुती कापडानं मधून कडेकडे, गोल गोल कधीच नाही. ओरखड्यावर टूथपेस्ट घासायचा उपाय आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ब्लू-रेवर तो करूच नका. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून सुमारे ०.६ मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेत फक्त ०.१ मिलिमीटर. घासलं की संपलं. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल तर प्लेअरला स्टॅबिलायझर लावा.

मागणी कशी नोंदवायची

येताना प्लेअरचा मॉडेल नंबर लिहून आणा, पाठीमागच्या पट्टीवर असतो. मोबाइलमध्ये फोटो काढला तरी चालेल. तुम्हाला आठवणारी एखादी धून किंवा प्रसंग सांगा, त्यावरून तुमची आवृत्ती कोणती ते आम्ही ओळखतो. डिस्क परदेशातून येते, वेळ लागतो, आणि भाव डॉलरप्रमाणे हलतो म्हणून इथे छापलेला नाही. नोंदवताना जो सांगू तोच घेऊ. कॉपी करून आम्ही देत नाही, कोणी मागूही नये. डबा आला की दुकानातच दोन्ही डिस्क सुरुवात, मध्य आणि शेवट अशा चालवून दाखवतो, त्यानंतरच पैसे द्यावेत.

औशाच्या सरांनी डबा परत केला नाही. दुसरी डिस्क त्यांनी आमच्याच टीव्हीवर लावून पाहिली, आणि पहिली धून सुरू झाली तसे ते खुर्ची पुढे ओढून बसले.