व्हर्सायला जायच्या आधी हे एकदा वाचून घ्या

नमस्कार! पॅरिसची ट्रिप आमच्याकडून बुक केलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे पत्रक आहे, हॉटेलवर पोचायच्या आधी वाचलंत तर जास्त उपयोग होईल. व्हर्साय म्हणजे पॅरिसजवळचा फ्रेंच राजांचा जुना महाल, तिथून परत आलेली बरीच मंडळी आम्हाला सांगतात की नुसती डोकी बघितली, महाल काही दिसलाच नाही, आणि ते ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण गर्दी तर तिथं कायमच असते पण दिवस आणि क्रम नीट धरला तर महाल छान बघून होतो.

आधी दिवस. सोमवारी महाल बंद असतो. मग मंगळवारी जाऊ म्हणाल तर तो सगळ्यात वाईट, कारण मंगळवारी पॅरिसमधलं लूव्र म्युझियम बंद असतं, तिथली पब्लिक इकडे येते आणि त्यात आदल्या दिवशीची राहिलेली माणसंही असतात. शनिवार-रविवारी पण तीच गत. म्हणून शक्य असेल तिथं आम्ही बुधवार किंवा गुरुवार टाकतो, तुमच्या प्लॅनमध्ये दुसरा वार दिसला आणि बदलायचा असेल तर आधीच फोन करा, आयत्या वेळी टाइमस्लॉट मिळत नाहीत.

तिकिटावर महालात शिरायची वेळ छापलेली असते. पण त्या वेळेआधी सिक्युरिटीची लाइन असते आणि ती कुणालाच चुकत नाही, कितीही भारी तिकीट असू दे. त्यामुळे थोडं लवकर पोचा. मोठ्या बॅगा, ट्रॉली आत नेता येत नाहीत, सेल्फी स्टिक आणि फ्लॅश चालत नाही, महालाच्या आत खाणंपिणंही नाही. लहान मूल असेल तर लोखंडी फ्रेमची बाबागाडी बाहेरच ठेवावी लागते, कडेवर किंवा कॅरिअरमध्ये घ्यायची तयारी ठेवा. समोरचं अंगण दगडी फरशीचं आहे, उंच टाचांची चप्पल नको म्हणजे नकोच.

आता क्रम. बहुतेक सगळे सकाळी 9 ला महाल उघडला की आत घुसतात, टूर बसेस पण तेव्हाच येतात. आमचा अनुभव असा की सकाळी आधी बागेत जावं, तिथून ट्रायनॉनला (बागेपलीकडचे राजघराण्याचे छोटे महाल), तो भाग दुपारी 12 ला उघडतो, आणि महालाचा स्लॉट 3 च्या पुढचा घ्यावा, तोवर बसेस परतायला लागलेल्या असतात. एप्रिल ते ऑक्टोबर महाल संध्याकाळी 6:30 पर्यंत उघडा असतो म्हणून हे जमतं, थंडीत 5:30 लाच बंद होतो, तेव्हा मात्र सकाळचा पहिला स्लॉटच बरा. बाग म्हणजे आपल्याला वाटते तेवढी छोटी नाही हां, महालापासून पेती ट्रायनॉनपर्यंत चालत अर्धा तास सहज जातो. पाय दुखत असतील तर आत छोटी ट्रेन फिरते, तिचं तिकीट वेगळं.

कारंजी बघायचीत असं बरेच जण सांगतात. ती रोज चालू नसतात, एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये ठरावीक दिवशीच, आणि त्या दिवशी एरवी फुकट असलेल्या बागेलाही तिकीट लागतं (पासपोर्ट नावाचं तिकीट असेल तर त्यात ते धरलेलं असतं). पाण्याची अडचण तिथं जुनीच आहे. फ्रान्सचा राजा लुई चौदाव्याने सेन नदीवर 14 प्रचंड चाकं बसवून पाणी वर चढवलं तरी सगळी कारंजी एकदम चालवायला ते पुरायचं नाही, म्हणून राजा बागेत फिरायला निघाला की कारंजीवाले एकमेकांना शिट्ट्या मारायचे, पुढचं कारंजं सुरू, राजा पुढे गेला की मागचं बंद!

महालात सगळ्यात जास्त कोंडी आरसेमहालात होते, 73 मीटर लांब दालन, आणि लोक दारातच फोन वर करून थांबतात. तिथं थांबू नका, सरळ मधोमध जा, खिडक्यांच्या बाजूला उभे राहा आणि समोरचा आरसा जवळून बघा. तो एक अखंड आरसा नाहीये, एकेका कमानीत 21 तुकडे जोडलेत, अशा 17 कमानी म्हणजे 357 आरसे, जुन्यांवर करडे डाग पडलेत, जोडाच्या रेघा दिसतात. त्या काळी एवढा आरसा म्हणजे अफाट श्रीमंती, आणि ही कला व्हेनिसवाले कुणाला कळू देत नव्हते तरी हे आरसे फ्रान्समध्येच बनवले. मग मान वर करा, छतावर चित्रकार ले ब्रनने लुई चौदाव्याचे पराक्रम रंगवलेत. याच दालनात 1871 मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि 28 जून 1919 ला पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीशी तह पण इथंच झाला, 1871 चा वचपा म्हणून जागा मुद्दाम निवडली होती.

राणीच्या शयनगृहात पलंगाच्या डाव्या हाताला भिंतीतच एक दार आहे, कापडात असं लपलंय की पटकन दिसत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत 6 ऑक्टोबर 1789 च्या पहाटे जमाव आत शिरला तेव्हा राणी मरी आंत्वानेत त्याच दारातून निसटली, आणि त्याच दिवशी राजघराण्याने व्हर्साय सोडलं ते कायमचं. माणसं पलंग बघून पुढे सरकतात, तुम्ही ते दार शोधा, मुलांना तर फार आवडतं.

जायला आरईआर सी ही लोकल. पण तिला फाटे फुटतात, म्हणून डब्यात चढण्याआधी बोर्डावर व्हर्साय शातो रिव्ह गोश लिहिलंय ना हे बघाच, उतरल्यावर दहा मिनिटं चालायचं. गाडीत आणि रांगेत पाकीट-फोन पुढच्या खिशात ठेवा, बॅग पोटाशी. येताना महाल बंद व्हायच्या वेळी स्टेशनवर झुंबड उडते, तेव्हा परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा आणि बाहेर पडेपर्यंत ते जवळ ठेवा, उतरतानाही लागतं.