थायरॉइड आणि खचलेलं मन: जुनी ओळख

सकाळी उठल्याउठल्या उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेणाऱ्या कितीतरी बायकांनी निदान होण्याआधी घरात एकच वाक्य ऐकलेलं असतं, "हल्ली फार आळशी झालीस." अंगात त्राण नसतं, साध्या गोष्टीने डोळे भरून येतात आणि दोष मात्र स्वभावाला लागतो. याचा मला फार राग येतो. कारण थायरॉइड ग्रंथी कमी काम करू लागण्याच्या या आजाराने मन खचतं, ही काही आज लागलेली बातमी नाही.

१८७३ साली लंडनच्या डॉक्टर विल्यम गल यांनी काही प्रौढ स्त्रियांचं वर्णन केलं: सुजलेला चेहरा, जाड झालेली जीभ, मंदावलेलं मन. १८८८ साली तिथल्या क्लिनिकल सोसायटी या डॉक्टरांच्या संस्थेने अशाच शंभराहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्या रुग्णांत भ्रम किंवा भास होते.

उपाय १८९१ मध्ये आला. न्यूकॅसलच्या डॉक्टर जॉर्ज मरे यांनी हाच आजार असलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. पुढे ती तो तोंडाने घेऊ लागली आणि १९१९ पर्यंत, म्हणजे आणखी २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या औषधासाठी लागल्या! १९२७ पासून थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं मुख्य संप्रेरक, प्रयोगशाळेत बनू लागलं.

तरीही रुग्ण निसटतच राहिले. १९४९ साली ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी १४ जणांची हकिकत मांडली. वेड लागलंय असं वाटावं अशी त्यांची अवस्था होती, पण मूळ थायरॉइडमध्ये होतं. अशा रुग्णाचा आवाज झोपाळलेल्या, सर्दी झालेल्या माणसाच्या खराब ग्रामोफोन तबकडीसारखा येतो, असं त्यांनी लिहिलं. थायरॉइडच्या औषधाने त्यातले बहुतेक सुधारले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम वापरून पाहिलं. हे मनाचं औषध थायरॉइडलाच मंद करू शकतं, म्हणून ते घेणाऱ्यांना आजही टीएसएच (थायरॉइड मंदावलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) वेळोवेळी तपासावं लागतं.

टीएसएचची रक्ततपासणी सर्रास होऊ लागल्यावर चित्र पालटलं. वेडाच्या टोकाला पोचण्याआधीच आजार सापडू लागला आणि चर्चा उदासीनतेकडे वळली. मुंबईसह देशातल्या आठ शहरांत झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉइडची कमतरता आढळली.

पण गोळीवर भलती आशाही नको. टीएसएच थोडंसंच वाढलेलं आणि टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, नॉर्मल असेल, तर थायरॉक्सिनने उदासी उतरत नाही असं चाचण्यांत दिसलं. २०१९ साली डॉक्टरांच्या एका तज्ज्ञगटाने अशा बहुतेक प्रौढांना ते देऊ नये असंच सुचवलं. आणि आजार पुरता असून, गोळी चालू होऊन, रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही जिचं मन उभारी धरत नाही, तिच्या नैराश्यावर वेगळे उपचार लागतात. "रिपोर्ट तर चांगला आहे" एवढं बोलून तिला घरी पाठवू नये.