वाचता येत नाही की इंग्रजी येत नाही?

न्यू जर्सीत आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा फुकट वर्ग चालतो, तिथे मी गेली तीन वर्षं शिकवायला जातेय. वर्गात बहुतेक सगळे स्पॅनिश बोलणारे, कोणी मेक्सिकोचे, कोणी ग्वाटेमाला-होंडुरासचे, कोणी कोलंबियाचे. दिवसभर कुठे हॉटेलच्या किचनमध्ये, कुठे गोडाऊनमध्ये राबून आलेले असतात, डोळे मिटत असतात तरी वही उघडून बसतात.

पहिल्या वर्षीची गोष्ट. मी फळ्यावर स्वतःचं नाव-पत्ता सांगणारी दोन वाक्यं लिहिली आणि उतरवून घ्यायला सांगितलं. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेली एक पंचेचाळिशीची बाई होती, रात्री ऑफिसं साफ करायची. तिने इतकं सुबक उतरवलं की मी बघतच राहिले, आणि मग लक्षात आलं की लिहिताना माझा मार्कर घसरून फळ्यावर एक छोटी वाकडी रेघ उमटली होती ना, ती रेघसुद्धा तिच्या वहीत जशीच्या तशी होती. म्हणजे ती लिहीत नव्हती, चित्र काढत होती. मी म्हटलं वाचून दाखवा, तर हसून म्हणाली, चष्मा घरी राहिला. पुढच्या गुरुवारीही चष्मा घरीच. गावी आजीच्या तोंडून हे वाक्य मी लहानपणी कितीदा तरी ऐकलंय, "चष्मा नाही गं जवळ, तूच वाच", आणि आजीला चष्मा कधी नव्हताच. तरी इथे मला ते कळायला दोन महिने लागले, याचं अजून वाईट वाटतं.

तिच्याच शेजारी एक गृहस्थ बसायचे, कोलंबियात वीस वर्षं हिशेबाचं काम केलेले, स्पॅनिश पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. प्रवेशाच्या वेळी इंग्रजीत चार प्रश्न विचारले जातात, दोघांनाही उत्तरं आली नाहीत, त्यामुळे दोघंही 'बिगिनर'. एकच पुस्तक, एकच धडा. पण त्यांच्यापुढचं काम अजिबात एक नाहीये. त्या गृहस्थांना फक्त इंग्रजी शिकायचंय. तिला आधी वाचन म्हणजे काय हेच शिकायचंय, आणि तेही जी भाषा कळत नाही त्या भाषेत.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे ४ कोटींहून जास्त लोक आहेत, अर्थात त्यातल्या बऱ्याच जणांना इंग्रजी उत्तम येतं. २०१२ ते २०१४ मध्ये मोठ्यांच्या साक्षरतेची जी सरकारी पाहणी झाली तिच्यानुसार साधारण ४ कोटी ३० लाख प्रौढांची साक्षरता कमी पातळीची, आणि त्यात ३४ टक्के लोक परदेशात जन्मलेले, जे एकूण लोकसंख्येत १५ टक्केच होते. हे आकडे वाचून लोक लगेच म्हणतात की बघा, अडाणी लोक येतात. पण ती पाहणी मोजते फक्त इंग्रजीतलं वाचन! आमचे हिशेबनीस काका त्या आकड्यात कमी साक्षर म्हणून बसतील आणि ती बाईसुद्धा त्याच रकान्यात बसेल. म्हणून मला वाटतं की हा सगळा विषय इथून, या दोघांना वेगळं करण्यापासून सुरू व्हायला हवा.

आधी काकांची अडचण बघू. स्पॅनिशमध्ये जसं लिहिलंय तसंच वाचायचं असतं. स्वर पाचच, आ-ए-ई-ओ-ऊ, आणि स्वराचं अक्षर कुठेही आलं तरी आवाज जवळपास तोच. २००३ साली १३ युरोपीय भाषांमधल्या पहिलीच्या मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षाच्या शेवटी स्पॅनिश मुलं नेहमीचे शब्द ९५ टक्क्यांच्या आसपास बरोबर वाचत होती आणि इंग्रजी शिकणारी स्कॉटलंडची मुलं ३४ टक्क्यांच्या आसपास. स्कॉटलंडची मुलं ढ होती असं नाही, इंग्रजीचं स्पेलिंगच तसं आहे. आपण मराठी शाळेत शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, पी-यू-टी पुट मग बी-यू-टी बट का, हे भांडण आपण सगळ्यांनी केलंय.

काका मात्र ४० वर्षं अक्षरावर विश्वास ठेवून वाचत आलेले. ते 'नेम' बघतात आणि वाचतात 'नामे', 'टाइम'चं होतं 'तीमे'. आणि काही शब्द तर दोन्ही भाषांत सारख्याच स्पेलिंगचे पण अर्थ भलताच. 'कम' हा शब्द स्पॅनिश डोळ्यांना 'कोमे' दिसतो, म्हणजे 'खातो'. 'पाय', म्हणजे तो गोड खायचा पाय, तो होतो 'पिए', म्हणजे पाऊल. सगळ्यात धोक्याचा शब्द 'वन्स', ओ-एन-सी-ई. स्पॅनिशमध्ये तोच 'ओन्से', आणि त्याचा अर्थ अकरा. आता औषधाच्या बाटलीवर 'वन्स अ डे' लिहिलेलं असेल तर काय होईल विचार करा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातली औषधाची दुकानं कॉम्प्युटरने स्पॅनिश लेबलं कशी काढून देतात याची तपासणी २०१० मध्ये छापून आली, तर निम्म्या लेबलांत चुका सापडल्या, बऱ्याच लेबलांवर अर्धं स्पॅनिश अर्धं इंग्रजी राहून गेलेलं. अशा अर्धवट लेबलावर 'वन्स' तसाच राहिला की वाचणारा त्याला अकराच समजणार, आणि वाचता येतंय म्हणूनच समजणार, हे मला जास्त भीतीदायक वाटतं.

कानाचाही प्रश्न असतो. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घ इ असा भेदच नाही, त्यामुळे 'आय लिव्ह हिअर' आणि 'आय लीव्ह हिअर', इथे राहतो आणि इथून जातो, दोन्ही काकांना एकच ऐकू येतं. 'ब' आणि 'व्ह' त्यांना एकच. आणि शब्दाच्या सुरुवातीला 'स्' जोडाक्षरात आला की पुढे 'ए' लागतोच, स्टुडंटचा 'एस्टुडंट' होतो, आपल्याकडे गावाकडे स्टेशनचं इस्टेशन होतं तसंच. पण काकांकडे एक मोठी पुंजी आहे. इंग्रजीत '-शन' ने संपणारे असंख्य शब्द स्पॅनिशमध्ये '-सिओन' लावून जसेच्या तसे असतात, इन्फर्मेशन, एज्युकेशन, ऑपरेशन, ते दिसले की काकांचा चेहरा खुलतो. परिच्छेदाचा मुख्य मुद्दा कुठे शोधायचा, डिक्शनरी कशी बघायची हे त्यांना येतंच. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की एका भाषेत कमावलेलं वाचनाचं कौशल्य दुसऱ्या भाषेत आपल्याबरोबर येतं. काका दीड वर्षात वरच्या वर्गात गेले.

आणि ती बाई? तिच्याकडे बरोबर न्यायला ते कौशल्यच नव्हतं, कारण ती शाळेत दोन वर्षंही गेली नव्हती, आणि पुढे कळलं की घरची भाषा स्पॅनिशही नव्हती, माम होती. ग्वाटेमालात २२ माया भाषा आहेत, त्यातली एक. शाळा होती स्पॅनिशमध्ये, ती तिथे सहा-सात वर्षांची असताना काही न कळता बसून राहायची. म्हणजे इथे आम्ही 'स्पॅनिश बोलणारी' म्हणून जिला वर्गात बसवलं तिच्यासाठी इंग्रजी ही तिसरी भाषा, आणि वाचता एकही येत नाही.

वाचायला न शिकलेल्या माणसाचा मेंदू भाषा वेगळ्या तऱ्हेने ऐकतो, हे खूप जणांना माहीत नसतं. १९७९ मध्ये जोझे मोराइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमध्ये खेड्यातल्या मोठ्या माणसांना एक सोपा वाटणारा खेळ दिला, मी एक शब्द म्हणतो, त्याचा पहिला आवाज गाळून उरलेलं म्हणा. अक्षर न शिकलेल्यांना ते जवळजवळ जमलंच नाही, आणि त्यांच्यासारखीच जी माणसं मोठेपणी वाचायला शिकली होती त्यांना जमलं. म्हणजे शब्द हा सुट्या ध्वनींचा बनलेला आहे ही गोष्ट आपल्याला आपोआप समजत नाही, वर्णमाला शिकल्यावर समजते. आपल्या देवनागरीत हे आणखी वेगळं आहे, 'प' आपल्याला एकच वस्तू वाटते, त्यात प् आणि अ असे दोन आवाज आहेत हे व्याकरणाच्या तासाला सांगितल्यावर कळतं. तर मी त्या बाईला पुन्हा पुन्हा सांगत होते, बी फॉर बस, बस मधला पहिला आवाज कुठला? तिला प्रश्नच कळत नव्हता. तिच्या दृष्टीने बस म्हणजे बस, तीन नंबरची, जी तिला कामावर नेते. तिला आवाज विचारला की ती खरोखर बसचा आवाज काढून दाखवायची, आणि वर्ग हसायचा, आणि ती पुढच्या वेळी उत्तर द्यायचं बंद करायची.

दुसरा प्रयोग मला जास्त डोळे उघडणारा वाटला. पोर्तुगालमध्येच अलेक्झांद्रे कास्त्रो-काल्दास यांच्या गटाने १९९८ मध्ये अशिक्षित आणि शिकलेल्या बायकांना शब्द ऐकवून म्हणायला सांगितले. खरे शब्द दोन्ही गटांतल्या बायकांनी नीट म्हटले. पण अर्थ नसलेले, बनवलेले शब्द आले की अशिक्षित बायका अडखळायच्या, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही फरक दिसला. आता बघा, नव्या माणसाला इंग्रजीचा प्रत्येक शब्द हा बनवलेला शब्दच असतो! आपण ऐकलेला नवा शब्द मनात लिहून ठेवतो, तिच्याकडे मनात लिहायला पाटीच नाही. "दहा वेळा सांगितलं तरी लक्षात राहत नाही" असं शिकवणारे वैतागून म्हणतात, मीही मनात म्हटलंय, त्याच्यामागे हे आहे.

पण मोठेपणी शिकताच येत नाही असं बिलकुल नाही. फ्रान्सच्या स्टॅनिस्लास डेहेन यांच्या गटाने २०१० मध्ये पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या ६३ प्रौढांचे मेंदू तपासले, काही निरक्षर, काही मोठेपणी शिकलेले, काही लहानपणी शिकलेले. डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूला एक भाग वाचन शिकलं की अक्षरांना ओळखायला लागतो, आणि तो मोठेपणी शिकलेल्यांमध्येही जागा झालेला दिसला. आपल्याकडे लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर मोठ्या माणसांना, त्यात बहुतेक बायका, सहा महिने हिंदी लिहायला-वाचायला शिकवून २०१७ मध्ये असाच अभ्यास झाला, तर मेंदूच्या अगदी आतल्या भागांपर्यंत, थॅलॅमस आणि मेंदूच्या देठापर्यंत फरक पोचलेला होता. सहा महिन्यांत! फक्त एक गोष्ट लक्षात घ्या, त्या बायका जी भाषा जन्मापासून बोलतात त्याच भाषेची अक्षरं शिकत होत्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेत २०१६ पासून गुलाबी साड्या नेसून आज्या मराठी मुळाक्षरं गिरवतात, त्यांनाही 'आई' लिहिलं की आई आठवते. आमच्या वर्गातल्या बाईला 'मदर' गिरवून काही आठवत नाही.

म्हणूनच इथे काही ठिकाणी आधी स्पॅनिश वाचायला शिकवतात. मेक्सिको सरकारची प्रौढ शिक्षण संस्था त्यांच्या वकिलातींमार्फत अमेरिकेत 'प्लाझा कोमुनितारिया' नावाचे वर्ग चालवते, तिथे लोक आपल्या भाषेत प्राथमिक शाळा पूर्ण करतात. लोक म्हणतात अमेरिकेत येऊन स्पॅनिश कशाला शिकायचं, वेळ वाया. मला ते अजिबात पटत नाही, वाचन एकदाच शिकावं लागतं.

आणि लोक स्वतःच वाट काढतात हेही बघण्यासारखं आहे. इलिनॉयमध्ये कॉब्डेन नावाचं फळबागांचं गाव आहे, तिथे १९८० च्या उन्हाळ्यात मेक्सिकन मजूर संध्याकाळी जमून इंग्रजी जशी कानाला ऐकू येते तशी स्पॅनिश अक्षरांत लिहून काढायचे, कुठलं अक्षर घ्यायचं यावर वाद घालायचे, आणि टॉमस मारियो काल्मार यांनी त्या वह्यांचा पुढे अनेक वर्षं अभ्यास केला. माझ्या वर्गातही 'हाऊ'साठी जे-ए-यू असं लिहितात, कारण स्पॅनिशमध्ये 'जे'चा उच्चार 'ह' सारखा. आधी मी ते लाल पेनाने खोडायचे. आता नाही खोडत. मीही पाचवीत इंग्रजीच्या पुस्तकात पेन्सिलने देवनागरी लिहूनच वाचायला शिकले, त्यात चूक काय.

नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजीची तीन वाक्यं देतात, त्यातलं एक वाचून दाखवायचं आणि तीनपैकी एक लिहायचं. ५० वर्षांच्या माणसाला २० वर्षं ग्रीन कार्ड असेल तर इंग्रजीतून सूट मिळते. त्या बाईला त्याची गरजच पडणार की नाही माहीत नाही. तिला हवं होतं ते एवढंच, की मुलीच्या शाळेतून आलेल्या कागदावर सही करायच्या आधी त्यात काय आहे ते कळावं.

पुस्तक मी बाजूला ठेवलं. तिला विचारलं, काल रात्री काय केलं? ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, मी दहा मजले साफ केले. मी तेच वाक्य तिच्यासमोर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कापून शब्द सुटे केले, तिने टेबलावर परत जुळवले. 'क्लीन' तिला आधी ओळखू आला कारण बाटल्यांवर रोज दिसतो. 'टेन' तिने लिफ्टच्या आकड्यांवरून धरला. मग मी टेनचा 'टी' झाकला आणि 'एम' ठेवला, मेन. मग 'पी', पेन. तिने माझा हात बाजूला सारला आणि स्वतः तुकडे बदलायला लागली, टेन, मेन, पेन, परत टेन, आणि असं किती वेळ करत होती कोण जाणे, लायब्ररीवाले दिवे मालवायला आले तेव्हा थांबली.

आता आमच्या प्रवेशाच्या कागदावर दोन प्रश्न वाढलेत, आणि ते कागदावर द्यायचे नाहीत, तोंडी, स्पॅनिशमध्ये विचारायचे: घरी कुठली भाषा बोलत होता, आणि शाळा कितवीपर्यंत झाली. जे चौथीच्या आत थांबलेत त्यांच्यासाठी मंगळवारी पहिला पाऊण तास वेगळा ठेवलाय, कोपऱ्यातल्या गोल टेबलावर. सध्या सात जण आहेत आणि शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे आणखी कोणी येऊ शकत असेल तर फार बरं होईल. स्पॅनिश फार यायला पाहिजे असं नाही, कात्री मात्र लागते.