ऑनलाइन पोस्टेज सबस्क्रिप्शन

ऑनलाइन पोस्टेज सबस्क्रिप्शन म्हणजे दर महिन्याला ठरावीक फी भरून टपालाचं तिकीट किंवा पार्सलचं लेबल आपल्याच प्रिंटरवर छापायची सोय. बऱ्याच जणांना वाटतं की महिन्याचे पैसे भरले म्हणजे तिकिटं त्यातच आली, तर तसं नसतं, फी फक्त सॉफ्टवेअरची आणि तिकिटाचे पैसे वॉलेटमधून वेगळे कापले जातात.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. तिथल्या टपाल खात्याने ऑगस्ट 1999 मध्ये ई-स्टॅम्प आणि स्टॅम्प्स डॉट कॉम या दोन कंपन्यांना इंटरनेटवरून पोस्टेज विकायला परवानगी दिली. ई-स्टॅम्पने थोड्याच काळात गाशा गुंडाळला, दुसरी मात्र टिकली, 2015 मध्ये तिने एंडिशिया ही स्पर्धक कंपनी विकत घेतली आणि 2021 मध्ये थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीने तिलाच सुमारे 6.6 अब्ज डॉलरला घेतलं. तिकिटं छापायच्या सॉफ्टवेअरला एवढा भाव! थेंबे थेंबे तळे साचे ते असं, फक्त थेंब गिऱ्हाइकाचे.

परवडतं का, याचा हिशोब पत्रांपुरता अगदी सोपा आहे. जुलै 2025 च्या दराने अमेरिकेत साध्या पत्राचं तिकीट 78 सेंटला आणि तेच मीटरवर (तिकिटाऐवजी किमतीचा छाप मारणाऱ्या मशिनवर) किंवा ऑनलाइन छापलं तर 74 सेंटला, म्हणजे पत्रामागे 4 सेंट वाचतात. फी महिन्याला 20 डॉलर धरली तर नुसती ती वसूल व्हायलाच 500 पत्रं टाकायला हवीत, रविवार धरून रोज सोळा-सतरा. एवढी पत्रं टाकणारं ऑफिस असेल तर ठीक, घरगुती माणसाने नादी लागू नये. पार्सलला सूट मोठी मिळते खरी, पण तीच व्यापारी दराची सूट पायरेट शिपसारख्या बिनफीच्या सेवेतही मिळते, शिवाय टपाल खात्याची स्वतःची क्लिक-एन-शिप आहेच आणि ब्रिटनमध्ये रॉयल मेलची क्लिक अँड ड्रॉपही फुकटच. मग फीचे पैसे कशाचे, तर एकदम शंभर लेबलं काढणं, दुकानाच्या वेबसाइटवरून ऑर्डर आपोआप उचलणं, दोन-चार जणांना एकाच खात्यातून काम करता येणं, याचे. हे लागत असेल तर जरूर घ्यावं, सूट मिळते म्हणून घेऊ नये.

आपल्याकडे घरी तिकीट छापायची पद्धत काही रुजली नाही. मोठी ऑफिसं परवाना काढून तसंच छाप मारणारं फ्रँकिंग मशिन ठेवतात, बाकीचे काउंटरवर जातात. ठाणे-नवी मुंबईत घरून साड्या, मसाले, कंदील विकणाऱ्यांना जे सबस्क्रिप्शन भेटतं ते ॲग्रिगेटरचं, म्हणजे एकाच ॲपवर पाच-सहा कुरिअरचे दर दिसतात, पिकअपला माणूस दारात येतो आणि वरच्या प्लॅनला दर थोडे कमी लागतात. गणित तेच. समजा प्लॅन महिन्याला 1000 रुपयांचा आणि पार्सलमागे 6 रुपये वाचतायत, तर 167 पार्सलं गेल्यावर कुठे फी फिटली, त्याच्या पुढचा तो नफा. घणसोलीत घरच्या ओट्यावर मसाले पॅक करणाऱ्या ताईंची महिन्याला चाळीस पार्सलं जात असतील तर त्यांनी फुकट प्लॅनवरच राहावं.

पण खरं सांगायचं तर पैसे फीमध्ये जातच नाहीत, ते जातात वजनात. कुरिअरवाले खोक्याचं वजन दोन प्रकारे काढतात, एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानाचं, म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये करून बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं, आणि दोन्हीतलं जास्त असेल ते बिलात लावायचं. आता जांभळी नाक्यावरून कागद आणून घरी बनवलेला आकाशकंदील घ्या, जेमतेम 400 ग्रॅमचा, पण 40 बाय 30 बाय 30 च्या खोक्यात घातला की तो झाला 7.2 किलो! तोच घडीचा करून 40 बाय 30 च्या, 4 सेंटिमीटर जाडीच्या पाकिटात बसवला तर 0.96 किलो. एवढा फरक कुठलाच प्रीमियम प्लॅन भरून देत नाही. दुसरं भगदाड रिटर्नचं. कॅश ऑन डिलिव्हरीचं गिऱ्हाईक दार उघडत नाही आणि बऱ्याच सेवांत परत यायचं भाडंही विकणाऱ्याच्याच माथी बसतं.

टपाल खात्याशी तुलना केल्याशिवाय तर कुठलाच प्लॅन घेऊ नये. 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टला 50 ग्रॅमपर्यंत स्थानिक 19 रुपये आणि बाहेरगावी देशात कुठेही 47 रुपये, वर जीएसटी. रजिस्टर्ड पोस्टही आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय. अभ्यासाची पुस्तकं पाठवायची असतील तर मे 2025 ला सुरू झालेलं ज्ञान पोस्ट आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांत. रांग लागते हे मान्य, वाशीला दुपारी जेवणानंतर गेलं तर जरा कमी असते असा आपला अनुभव.

पिनकोडचं तेवढं बघावं. ॲप पत्ता वाचत नाही, पिन वाचतं, आणि बेलापूरचा 400614 हा ठाण्याच्या 400601, 400602 च्या रांगेतलाच वाटतो तर ऐरोली 400708, वाशी 400703, त्यामुळे घाईत एक आकडा चुकला की पार्सल खाडीच्या पलीकडे फिरून येतं.

फुकट ट्रायल घेताना कार्ड दिलं असेल तर तारीख लिहून ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दर महिन्याला आपोआप पैसे कापायच्या आधी किमान 24 तास मेसेज यायला हवा, आणि 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा कापणीला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणजे तो एक मेसेज हुकला की महिनाभराची फी गेली. माझे दोन महिने असेच गेलेत, दिवाळीचा सीझन संपला आणि प्लॅन मात्र डिसेंबर-जानेवारीतही चालूच, पार्सलं गेली एकूण तीन.