बार्शी ग्रामीण कर्करोग नोंदणी

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेली, लोकसंख्येवर आधारित (म्हणजे ठरावीक क्षेत्रातील प्रत्येक कर्करुग्णाची नोंद घेणारी) अशी भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. अश्विनी रुरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी या धर्मादाय संस्थेचे नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय ती चालवते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात तिचा समावेश असून तिच्या उभारणीत मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे तांत्रिक साहाय्य झाले.

नोंदणीचे मूळ क्षेत्र बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांचे आहे. परांडा आणि भूम हे तालुके धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात मोडतात आणि १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर बार्शी मुंबई प्रांतात होती. परंतु या पट्ट्यातला माणूस बाजारासाठी आणि दवाखान्यासाठी बार्शीलाच येत असल्याने नोंदणीचे क्षेत्र जिल्ह्याची हद्द ओलांडून आखले गेले. हा सारा भाग अवर्षणप्रवण, कोरडवाहू शेतीचा आणि हंगामी मजुरीवर जगणारा आहे.

शहरातील कर्करोग नोंदणी रुग्णालये, विकृतिचिकित्सेच्या प्रयोगशाळा आणि मृत्युनोंदी यांतून माहिती गोळा करते. १९८०च्या दशकात बार्शीच्या खेड्यांत ही पद्धत लागू पडण्यासारखी नव्हती, कारण दुखणे असह्य झाल्याखेरीज रुग्ण दवाखान्याची पायरी चढत नसे, निदानाविनाच अनेकांचा मृत्यू होई आणि मृत्युनोंदीत वैद्यकीय कारण क्वचितच लागे. कागदावर न आलेला रुग्ण शोधायचा तर गावात जाणे भाग होते. म्हणून क्षेत्र कार्यकर्त्यांकडे गावे वाटून देण्यात आली. ते ठरावीक अंतराने गावात जात, सरपंच, शिक्षक, दाई आणि गावातील जाणत्या मंडळींशी ओळख वाढवत, गावातील सभांत आणि घरोघरच्या भेटींत कर्करोगाची प्राथमिक लक्षणे समजावून सांगत. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे पाणी, स्तनातील गाठ, तंबाखू वा मिश्रीच्या जागी तोंडात पडलेला आणि न भरणारा चट्टा, गिळताना होणारा अडथळा अशी ही लक्षणे असत. संशयित रुग्णाला बार्शीच्या रुग्णालयात आणून त्याची तपासणी विनामूल्य केली जाई.

आरोग्यशिक्षण हे येथे नोंदणीला जोडलेले पुण्यकर्म नव्हते. लक्षण कळल्याशिवाय बाई ते कार्यकर्त्याला सांगणार नाही, आणि तिने सांगितल्याशिवाय तिची नोंद होणार नाही. म्हणजे मोजणीची अचूकताच लोकशिक्षणावर अवलंबून होती. ‘अंगावरून जाणे’ हा विषय सासूसुनांतही दबक्या आवाजात निघत असताना तो परक्या माणसापुढे काढायला लावणे हे या कामातील सर्वांत अवघड भाग मानावे लागेल. त्याचा परिणाम काही वर्षांतच नोंदीत उमटला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांत पहिल्या व दुसऱ्या अवस्थेत निदान झालेल्यांचे प्रमाण १९९०च्या दशकाच्या आरंभी वाढलेले आढळले, आणि तेही कोणतीही सामूहिक चाचणी सुरू नसताना, केवळ जागृतीच्या बळावर.

नोंदणीतून ग्रामीण भारताचे जे चित्र पुढे आले, त्यात कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईच्या तुलनेत बरेच कमी होते. मात्र स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता.

या पायावर धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास उभा राहिला. फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे रुग्णालय यांनी मिळून तो केला. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटाला हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी), तिसऱ्याला ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची डोळ्यांनी केलेली तपासणी, तर चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. या चौथ्या गटाला चाचणी कोठे करून घेता येईल याची माहिती देण्यात आली होती. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही चाचणीच्या गटात (३४,१२६ स्त्रिया) या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर चौथ्या गटात (३१,४८८ स्त्रिया) ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसले; उरलेल्या दोन चाचण्यांनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही.

या संशोधनावर टीकाही झाली. चाचणीचा उपयोग जगात आधीच सिद्ध असताना चौथ्या गटातील स्त्रियांना ती प्रत्यक्ष न देणे नैतिक होते काय, असा आक्षेप या आणि मुंबईतील अशाच एका अभ्यासावर काही डॉक्टरांनी व कार्यकर्त्यांनी घेतला. त्या काळी या खेड्यांत कोणतीही चाचणी उपलब्ध नव्हती, त्यामुळे नेहमीच्या सेवेशी केलेली तुलना गैर नाही, असे संशोधकांचे उत्तर होते. हे उत्तर वस्तुस्थितीला धरून असले, तरी गरिबीमुळे सेवेचा जो अभाव होता, त्यालाच तुलनेचे मापदंड मानावे का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही चाचणीला प्राधान्य देते आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निर्मूलनासाठीच्या तिच्या २०२० च्या धोरणात ३५ व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५ व्या वर्षापर्यंत पुन्हा अशी चाचणी करण्याचे उद्दिष्ट आहे. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र ३० ते ६५ वयोगटासाठी ॲसिटिक आम्लाची तपासणीच स्वीकारली गेली. एचपीव्ही चाचणीचा खर्च आणि तिला लागणारी प्रयोगशाळा ही त्यामागची व्यावहारिक कारणे होत. बार्शीची नोंदणी अद्याप चालू असून राष्ट्रीय अहवालांत तिची आकडेवारी स्वतंत्रपणे दिली जाते. पुढे धाराशिव व बीड या जिल्ह्यांची नोंदणीही त्याच यादीत आली.